चिखलाचा तास

—नाय नाय टीचर, त्यात उजवा-डावा काय नसतो, कुठलापण हातमोजा कुठल्यापण हातात जातो. पंचवीस पोरं, पन्नास हातमोजे, आणि वर हे दोन तुमचे— मोठ्या मापाचे हायत, जपून घाला, लगेच फाटतात. कशाला म्हणजे? अहो, आपल्या शाळेत सगळं हातानं शिकायचं ना! गेटवर एवढाल्या अक्षरात काय लिहिलंय? मला इंग्रजी वाचता येत नाय, पण रेश्मा मॅडम येणाऱ्या प्रत्येक पालकाला ते मोठ्यानं वाचून दाखवतात, तेव्हा माझं पाठ झालंय— लर्निंग बाय डुइंग. म्हणजे काय, तर आपल्या हातानं करा आणि शिका. आणि हाताला काय लागता कामा नये, म्हणून हातमोजे. समजलं? नाय समजलं? मला तीन वर्षं झाली, अजून नाय समजलं, तुम्ही तर आज सकाळी आलात.

बसा, बसा— त्या टोकाला नको, बाकाचा तिकडचा पाय हलतो. पालक यायला अजून अर्धा तास हाय. मी ठमाबाई, इथली शिपाई म्हणा, आया म्हणा. पोरं मावशी म्हणतात, मॅडमपण मावशी म्हणतात, तुम्हीपण म्हणा, त्यानं काय पगार वाढत नाय. आणि तुमचं? ऋतिका. छान हाय. पुण्याच्या?— अस्सं, शिक्षण पुण्याला. कशाचा डिप्लोमा म्हणालात? ॲक्टिव्हिटीचा! दोन वर्षं! अगो बाई, मातीत हात घालायला दोन वर्षं लागतात होय? आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या घाटाखाली, तिथं पोर चालायला लागलं की बांधावर सोडतात, आपोआप होते ॲक्टिव्हिटी. फक्त सर्टिफिकेट तेवढं कोण देत नाय. तिथंच घोडं अडलं बघा माझं.

आज सकाळी मी मिनिडोरमधून उतरते न उतरते तोच मॅडम दारात— "मावशी, आजपासून शेताचं सगळं ऋतिका टीचर बघणार हां. काय कुठं आहे ते त्यांना दाखवा, आणि मग तुम्ही बाथरूमकडे लक्ष द्या. शेताकडे यायची गरज नाही." गरज नाही! तीन वर्षं होती, आज सकाळी संपली. तर दाखवते. हे समोर भिंतीला लागून दहा पावलं लांब नि आठ पावलं रुंद, ह्याला ॲग्री-लॅब म्हणायचं. भाताचं खाचर म्हणायचं नाय, खाचर म्हटलं की पालकांना वाटतं हे तर आमच्या गावाला फुकट हाय, मग फी कसली देतो आपण. चिखलणी काल झाली, पाणी सोडून माती तुडवली. कुणी केली काय विचारता, त्यातली पावलं बघा ना, दुसरीतल्या पोरांची पावलं एवढी असतात का? रोपं त्या टोपलीत हायत. लावायची कशी?— लिहून घेताय? घ्या, घ्या, वही छान हाय. लिहा, दहा-दहा रोपांचा झुबका करायचा, आणि खोल खोचायचा, पार मनगट बुडेस्तोवर. हां. खोल म्हणजे कसं, पडत नाय. लिहिलंत? बरं.

तुम्हाला काय अवघड जाणार नाय बघा. इथं हातानं शिकायचं म्हणजे हात एकाचे नि शिकणं दुसऱ्याचं. गेल्या साली भाकरी दिवस झाला. पीठ मी मळलं, थापल्या मी, भाजल्या मी, धुरानं डोळे माझे गेले. पोरांनी काय केलं? लोणी लावलं. आणि भिंतीवर फळा— वी मेड भाकरी. मग सव गावाला नेली सगळी, गरम पाण्याची कुंडं दाखवायला. बस केली, टोप्या वाटल्या, आणि कुंडाशी रांगेनं उभी करून एकेकाला एकेक बोट बुडवायला सांगितलं. एक बोट! त्यावर पोरांनी चार-चार पानं लिहिली. मी म्हटलं मॅडम, पाय तरी सोडून बसू दे घटकाभर, तर म्हणाल्या, शेड्यूलमध्ये नाही. शेड्यूलमध्ये बोटच होतं.

हसू नका, आत ऐकू जातं. आणि भाताचं तर विचारूच नका— विचारलंत ना, मग ऐका. गेल्या पावसाळ्यात इथंच लावणी झाली. हातमोजे घालून. पोरांनी दोन-दोन रोपं लावली, फोटो झाले, हात पुसायला ते ओले कागद असतात बघा वासाचे, ते वाटले, आणि झाली पोरं शेतकरी. त्यानंतर इकडं फिरकलं कोण? कोणी नाय. पुढं सावित्री नदीचं पाणी चढलं, शाळा आठ दिवस बंद, खाचर बुडालं ते बुडालंच, सगळं कुजलं. मी सांगितलं मॅडमना, लगेच दुसरं रोप आणते घरनं, लावू परत पोरांच्या हातनं. म्हणाल्या, आता परीक्षा आहेत. बरं. आणि दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस धावत आल्या— "मावशी, हार्वेस्ट डे जाहीर झालाय, पेपरवाले येणार आहेत, शेतात तर काहीच नाही, काहीतरी करा ना!" आता काहीतरी करा म्हणजे काय करायचं मी? भात काय जादूनं येतं? पण केलं. आमच्याच खाचरातलं कापलं, दोन भारे, मिनिडोरच्या टपावर टाकून आणलं आणि सकाळी शाळा भरायच्या आत हितं चिखलात एकेक मूठ रोवून उभं केलं. काय दिसत होतं सांगू! खऱ्यापेक्षा बरं दिसत होतं. मग पोरं आली आणि त्यांनी ते कापलं. कशानं म्हणाल? कोयत्यानं लागेल ना त्यांना! कागद कापायच्या कात्रीनं. आमच्याकडं सात पिढ्यांत कुणी कात्रीनं भात कापलं नसेल. पेपरात फोटो आला, "चिमुकल्यांनी पिकवले सोने." मॅडमच्या खोलीत लावलाय बघा, फ्रेम करून.

ते जाऊ दे. तेवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं, आपल्याला काय, कामाशी काम. पण ती अमरीन हाय ना— तुम्हाला कळेल, दोन वेण्या नि पुढचा दात पडलेला, बाप कतारला असतो तिचा— तिनं त्यातलं भाताचं एक धाट गुपचूप उपटून नेलं घरी. अब्बूला व्हिडिओ कॉलवर दाखवायचं म्हणून कुंडीत लावलं, मी लावलेलं भात बघा म्हणून. आता त्याला ना मूळ ना काय, मीच बुडातनं कापून आणलेलं ते. चार दिवसांत वाळलं. पोर आली माझ्याकडं— "मावशी, माझं काय चुकलं?" हितंच उभी होती, ह्या बाकापाशी. आणि मी काय सांगावं तिला? मी सांगितलं, पाणी कमी घातलंस तू. हो, मी. तोंड वर करून सांगितलं. सात वर्षांच्या पोरीला. खरं सांगितलं असतं तर मॅडमचं नाव गेलं असतं, माझी नोकरी गेली असती— आता काय राहिलीय मोठी! त्या दिवसापासनं ती पोर कुठल्या झाडाला हात लावीना. मॅडमनी कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं, तर हात मागं घेऊन उभी. म्हणे, माझ्या हातानं मरतात. मला रडू आलं टीचर. बाथरूममध्ये जाऊन रडले मी, बादली उपडी घालून तिच्यावर बसून. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाय, आमच्या घरीसुद्धा नाय. तुम्हाला का सांगत बसले काय की.

म्हणून ह्या जूनला शाळा उघडली त्या आठवड्यात मी मॅडमना न विचारता बाथरूमच्या मागं राब केला. राब म्हणजे रोपं करायची जागा, दोन हात वाफा, बस. घरनं बियाणं आणलं. मधल्या सुट्टीत जी येतील ती पोरं, त्यांच्याकडनं पेरून घेतलं. हातमोजे कसले, नागडे हात! अमरीन पहिले तीन दिवस लांबनं बघत होती. हाक मारायला तोंड होतं कुठं मला? चौथ्या दिवशी आली, खाली बसली नि एक बोट मातीत घातलं. मग दुसरं. मग कोपरापर्यंत गेली रांड, आणि उठेना! रोज यायची. तिच्या कोपऱ्यातलं रोप सगळ्यांत उंच झालं बघा, दोरा बांधलाय मी ओळखायला, त्या टोपलीत लाल दोऱ्याची मूठ हाय ना ती तिची. सगळं बरं चाललं होतं आणि सेजलच्या आईनं पोरीच्या नखांचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. नखात माती! तीन वर्षांत पहिल्यांदा ह्या शाळेत पोरांच्या नखात माती सापडली, तर त्याची तक्रार झाली. ग्रुपवर चाळीस मेसेज. मॅडमनी मला उभं केलं— "मावशी, हे ट्रेन्ड माणसाचं काम आहे." आणि निघाली तुमची जाहिरात.

माझी पण इच्छा होती हां. आता बोलतेच हाय तर सगळंच बोलते. गेल्या सालच्या गणपतीला माझा मंगेश मुंबईहून आला होता, त्याच्याकडनं अर्ज लिहून घेतला मी, चांगला कोऱ्या कागदावर, "शेतीकाम शिकवण्याबाबत". मॅडमनी वाचला. हसल्या नाहीत, तसं खोटं बोलणार नाय मी. शिक्षण चौथी, तिथं बोट ठेवलं नि म्हणाल्या, "मावशी, पालकांना काय सांगू मी?" बरोबर हाय त्यांचं. पालकांना काय सांगणार? राग आला मला, लय राग आला, आणि तो मघाशी तुमच्यावर निघाला.

कसा म्हणजे? आणा ती वही. मराठीत लिहिलंय ना? वाचा बघू, माझा चष्मा घरी राहिला. "दहा रोपांचा झुबका, मनगटापर्यंत खोल." खोडा ते. खोडा म्हणते ना! खोटं सांगितलं मी. म्हटलं, होऊ दे पुण्याच्या बाईची फजिती, पंधरा दिवसांत रोपं कुजतील आणि मॅडम येतील परत, मावशी काहीतरी करा म्हणत. आलं मनात, आता येऊन गेलं त्याला काय करू? पण त्यात मेलं असतं कुणाचं रोप? तुमच्या डिप्लोमाला काय झालं असतं? पोर मात्र परत हात मागं घेऊन उभी राहिली असती, आणि ह्या खेपेला जन्माची. बघू नको गो माझ्याकडं अशी, खोड नि लिही. दोन रोपं, फार तर तीन. बोटाचं पहिलं पेर बुडेल एवढंच खोल. अंगठ्यानं खोचायचं नि चिखल जवळ ओढायचा, मूळ उघडं राहता कामा नये. खोल गेलं की कोंडतं ते, फुटवा येत नाय. आणि मागं मागं सरत लावायचं, पुढं नाय, नायतर लावलेलं आपणच तुडवतो. हातमोज्यात ह्यातलं काय कळत नाय, चिखल घट्ट धरला का सैल, ते कातडीला कळतं. पालकांचे फोटो झाले की काढायला लाव सगळ्यांना. नखं मी साबणानं घासून पाठवीन, एकाएकाची. तेवढं माझ्या बाथरूमच्या हद्दीत येतं.

आणि लावून झालं की विसरू नको, आठवड्याला गवत काढायचं. बांधात चिंबोऱ्या हायत, खेकडे गो, त्या रोपं कुरतडतात, भोकं बघून ठेव. एखादं रोप मेलं तर पोरांना सांग की मेलं. का मेलं ते सांग. आपल्यामुळं मेलं असलं तर तसं सांग. हे नको लिहूस, हे नुसतं ऐक.

आल्या बघ रांगा. मॅडम पुढं, पालक मागं, मोबाईल वर. ऊठ, ओढणी खोच. साडी असती तर बरं झालं असतं, पण चालेल— ए, ए अमरीन! इकडं कुठं आलीस रांग सोडून? माझ्याकडं नाय यायचं आज. ही बघ, ही ऋतिका टीचर, ही शिकवणार तुम्हाला. हिला सगळं येतं. — हो, लाल दोऱ्याची तुझीच, तूच लाव. — नाय गो, मरत नाय. मी सांगते ना. — पदर सोड. सोड बाळा, मॅडम बघतायत. काय टीचर? मी? मी संगती उतरू? नको. सांगितलंय मला, फोटोत मावशी नको. बघत काय राहिलीस, हात धर तिचा, घट्ट धर, थंड पडलाय. जावा. मला बादल्या भरायच्यात.