प्राचार्यांच्या फलकावरचं नाव

सरकारी कॉलेजात काही कामच नसते, असं तुम्ही म्हणता. मी पांढरकवड्याकडच्या एका सरकारी कॉलेजात हेडक्लार्क आहो, मले विचारा. आमच्या इथं प्राचार्य बदलणं हेच एवढं मोठं काम आहे, की शिकवणं मधल्या सुट्टीत उरकावं लागते.

कायमचे प्राचार्य आम्ही फक्त भिंतीवरच्या फोटोत पाह्यले. बाकी सारे प्रभारी. त्यातले मागच्या वर्षी आलेले सर मात्र खरंच राबणारे निघाले. बंद पडलेली प्रयोगशाळा त्यांनी स्वतः उभं राहून उघडवली. हौस एकच होती, व्हरांड्यातल्या सध्याच्या प्राचार्यांच्या फलकावर आपलं नाव लागावं. तपासणी समिती येणार होती, म्हणून मी नेहमीच्या पेंटरले बोलावलं.

तो स्टुलावर चढून लिहून राह्यला होता, सर खाली उभे राहून पाहत होते, अन् मी त्यांच्या बदलीचा आदेश घेऊन पोचलो. सरांनी तो दोनदा वाचला.

"समिती पुढच्या आठवड्यात येते, अन् मले आज पुसदले धाडून राह्यले," ते हळूच म्हणाले.

मी पेंटरले विचारलं, "किती लिहून झालं?"

"प्रभारी प्राचार्य डॉक्टर, एवढंच."

"मंग पुसून टाक."

तो खालीही उतरला नाही. म्हणाला, "कायले पुसू, बाबूजी? नवे येतील तेही प्रभारीच असतील, अन् डॉक्टरच असतील. नाव कळलं की फोन करा."