छबुबाईची संमती

(शिरूर कासारजवळचं गाव. ग्रामपंचायतीच्या खोलीत अतिवृष्टीच्या मदतीचं काम चालू. टेबलामागे तलाठी सायली. समोर नाथा आणि त्याची थोरली बहीण छबुबाई. बाहेर ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर.)

नाथा : दे की अंगठा, आक्का. कावून थांबलीस? तुझा ट्रॅक्टर कवाचा हॉर्न वाजवायलाय.

छबुबाई : वाजवू दे. मुकादमाला सांगून आलेय मी. अंगठा कशावर द्यायचा, ते कळू दे आधी.

नाथा : सांगितलं की. पुराच्या मदतीचं हाय.

छबुबाई : तलाठीबाई, तुमी सांगा.

सायली : संमतीपत्र आहे. वडिलांमागे जमिनीला तुम्हा दोघांची नावं लागलीत. तुम्ही अंगठा दिलात, तर सगळी मदत नाथाभाऊंच्या खात्यावर जाईल.

छबुबाई : अन् न्हाई दिला तर?

सायली : मग दोघांची खाती द्यायची. निम्मी निम्मी जमा होईल.

नाथा : तसलं काय न्हाई, मॅडम. ती देती. दर दिवाळीला साडीचोळी करतो मी तिला.

छबुबाई : मागल्या दिवाळीच्या साडीत दुसऱ्याच्याच आहेराची चिठ्ठी निघाली.

नाथा : ते आत्ता काढायचं व्हय, चार माणसांत? वावरात हे एवढाले दगड येऊन पडलेत. जेसीबी लावायचा, हरभऱ्याचं बी आणायचं. तुला तिकडं उसाच्या फडात काय कळणार?

छबुबाई : पूर आला तवा तू कुठं व्हतास?

नाथा : लेकरंबाळं, जनावरं घेऊन मांजरसुंब्याला गेलतो, मेव्हण्याकडं. सिंदफणेचं पाणी दारात आलतं. बसून ऱ्हायचं व्हतं का?

छबुबाई : गेलास ते बरं केलंस. पंचनाम्याला कोण व्हतं, तेवढं सांग.

नाथा : कोतवाल आसंल. मी आलो तवर झालता.

सायली : कोतवाल कुठला? या होत्या. रस्ता तुटलेला, मी माघारी निघाले होते. बांधावरून यांनी हाक मारली, "उभं वावर वाहून गेलं अन् तुमी सडकेवरनं काय बघता?" हाताला धरून चिखलातून नेलं मला. माझी एक चप्पल अजून तिथंच आहे.

छबुबाई : लई हुडकली, बाई. न्हाई गावली.

नाथा : तू आलतीस? मला कावून न्हाई सांगितलंस?

छबुबाई : आपल्याच वावरात जायला सांगावं लागतं व्हय रं?

नाथा : तसं न्हाई... पर आज खातं देशील, उद्या निम्मं रान मागशील. भावकी हसंल मला.

छबुबाई : रान तूच कर. चांगलं करतोस. बी माझ्या पैशातनं आण, दगडबी काढ. तुझ्या हातात आणून देते मी. पर आधी माझ्या खात्यावर येऊ दे.

नाथा : देणारच हायस, तर हा हेलपाटा कशाला?

छबुबाई : तू देत आलास, मी घेत आले. ती चिठ्ठीवाली साडीबी घेतली. आता मी देते, तू घे.

नाथा : अन् मी न्हाई म्हणलं तर?

छबुबाई : अंगठा माझा हाय, नाथा.

सायली : काय ते ठरवा. बाहेर रांग लागलीय.

नाथा : फाडा तो कागद, मॅडम. दोन्ही खाती घ्या.

सायली : आधार, पासबुक आणलंय का, छबुबाई?

छबुबाई : हे घ्या. दोन्ही हायत.

नाथा : म्हंजी घरनंच ठरवून आलतीस! अन् मी हितं घसा कोरडा करायलोय.

छबुबाई : म्हणलं, बघू तरी किती बोलतोस.

सायली : शेतकरी म्हणून नोंद करते तुमची. मोबाईल नंबर सांगा. पैसे जमा झाले की मेसेज येईल.

नाथा : लिवा, अठ्ठ्याण्णव बावीस... न्हाई, ऱ्हाऊ द्या. तिचाच घाला. तुला पाठ हाय का, आक्का?

छबुबाई : कवाचा. कुणी इचारलाच न्हवता.