पेटी गावाला आहे

हॅलो?… हॅलो, श्रेया? बरं झालं बाय तूच केलास फोन. मीच करणार होते, पण बाराच टक्के उरलेत, म्हटलं जपून वापरावा… नाही गं, कुठली आलीय लाइट! परवा दुपारी गेली ती गेली. खाली मीटरच्या खोलीत केबल जळाली ना… हो, जनरेटर होता की. एक रात्र चालला, मग त्यानेपण मान टाकली.

लिफ्ट बंद, पंप बंद, नळाला टिपूस नाही. आणि आम्ही सतराव्यावर! चाळीत मोरीत पिंपभर पाणी असायचं. इथे चोवीस तास पाणी म्हणून पिंप पण मीच काढून टाकलं… मीच गं, दुसरं कोण?

…बाबा खाली गेलेत. टँकर आलाय. किती सांगितलं, नका जाऊ, गुडघ्याचं बघा. ऐकतात कुणाचं? कॅन घेऊन गेले, पाऊण तास होत आला… हो, हो, समोरच्या मेघनाचा नवरा आहे सोबत. तो घेईल वजन. तू नको टेन्शन घेऊ.

अगं ऐक ना, पाण्याचं राहू दे. एक काम कर माझं. आत्ताच्या आत्ता, बाबा वर यायच्या आत. गावाला कुशाभावजींना फोन लाव… ऐक तर आधी! त्यांना सांग, बाबांचा फोन आला, पेटीचं विचारलं, तर म्हणायचं, हो, पेटी आहे, माळ्यावर आहे. किल्ली सापडत नाही म्हणायचं. एसटी मिळत नाही म्हणायचं. काय वाटेल ते म्हणू दे, फक्त पेटी आहे एवढं म्हणू दे…

कुठली पेटी काय विचारतेस? बाबांची! पत्र्याची, हिरवी. खाटेखाली असायची ती. कंदील, वातीचा स्टोव्ह, ट्रान्झिस्टर, सेल, दोर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या काडेपेट्या. पाण्यात फिरवायला तुरटी. विसरलीस?… मग!

…नाही गं. गावाला नाहीये ती. कधी गेलीच नव्हती. भंगारवाल्याला दिली मी.

हॅलो? श्रेया?… आहेस ना? मला वाटलं कट झाला… बोल काय ते. रागव. मला रागवायला कुणीतरी पाहिजेच आहे.

…अगं वास्तुशांत होती ना! आपल्या विनीतच्या सासरची माणसं येणार, नवीन फरशी, नवीन पडदे, आणि हे म्हणतात पेटी खिडकीखाली ठेवायची. रॉकेलचा वास मारणारी, गंजलेली! मला लाज वाटली गं. खरं सांगते, लाज वाटली. म्हटलं, टॉवरमध्ये कंदील कोण ठेवतं? हे नव्या घराच्या किल्ल्या आणायला ऑफिसात गेले आणि मी चाळीच्या गॅलरीतून हाक मारली भंगारवाल्याला. उघडूनसुद्धा बघितली नाही. त्याने काट्यावर ठेवली तेव्हा आत काहीतरी वाजलं, ट्रान्झिस्टर असणार. तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

यांना सांगितलं, कुशाभावजी टेम्पोतून सामान नेत होते, त्यांच्याकडे दिली, गावच्या घरात बरी… हो, खोटंच. धडधडीत.

आता काय झालं, सकाळी जिन्यात सगळी चाळ जमली होती. चाळच म्हणायची, माणसं तीच आहेत. मेघना म्हणाली, काका, तुमची पेटी काढा ना, घोडपदेवला चाळीत लाइट गेली की आम्ही सगळे तुमच्याच दारात यायचो. हे म्हणाले, ‘पेटी गावाला आहे. मालनने जपून ठेवलीय.’ जपून! मला तोंड कुठे लपवू झालं. मग ती म्हणते, मागवून घ्या की, उद्या सकाळच्या गाडीने येईल. हे म्हणाले, बघतो. आणि मोबाइल खिशात घालून खाली गेले. तिकडून लावतील ते कुशाभावजींना… म्हणून तर तुला सांगतेय!

…सांगून टाक म्हणतेस? कुठल्या तोंडाने? तुला माहितीय ना ती पेटी कशी आली?… सव्वीस जुलैच्या पुरानंतर, हो. पण का ते माहितीय? तू सातवीत होतीस, तू झोपलीस. विनीत तापाने फणफणला होता. मिल बंद पडलेली, हे कुर्ल्याला गोडाऊनवर ड्युटीला, फोन नाही, लाइट नाही. घरात बोटभर मेणबत्ती. ती संपली आणि मग काळोख. औषधाची बाटली हाताला लागली, पण ती तापाची की खोकल्याची कळेना. देऊ की नको, देऊ की नको… रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसले, श्वास चालू आहे का बघत. दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले. कुर्ल्याहून चालत, कमरेपर्यंत चिखल, पायात चप्पल नाही. आणि मी काय म्हटलं? पाणी घ्या म्हटलं नाही. जेवलात का म्हटलं नाही. म्हटलं, ‘बावीस वर्षं मिलमध्ये घातलीत, घरात एक मेणबत्ती ठेवता आली नाही तुम्हाला.’

…हो. असंच म्हटलं. ते पाय धुवायला मोरीत गेले. चार दिवसांनी पेटी घेऊन आले. झाकणाच्या आत यादी चिकटवली त्यांच्या अक्षरात, एक नंबरला मेणबत्ती. माझ्या बोलण्याला उत्तर होतं ते, श्रेया. वीस वर्षं खाटेखाली ठेवलं होतं त्यांनी. आणि मी ते भंगारात घातलं.

…रडत नाहीये. सात टक्के झाले बघ.

दसऱ्याचं आठवतं ना तुला? मिलमध्ये मशीनला हार घालायचे, तसा हे पेटीला घालायचे. सेल नवीन, वाती नवीन, आणि पेटीतली जुनी बिस्किटं तुम्हा दोघांना… हो, मऊ पडलेली, आणि तरी भांडायचात! तर ह्या दसऱ्याला सकाळी विचारलं मला, पेटी कुठे गं? मी ते गावाचं सांगितलं. बरं म्हणाले. नंतर बघते तर खिडकीखाली, तिथे मी चपलांचा स्टँड ठेवलाय ना, त्याच्या बाजूला जमिनीवर एक झेंडूचं फूल. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, पेटी गावाला आहे ना, तिच्या नावाने. एवढा विश्वास गं! तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभच रेटली नाही.

…काय?… कुशाभावजी काय?… दिवाळीत तुला म्हणाले? कशाबद्दल?

हळू बोल, नीट ऐकू येत नाहीये… यांनी फोन केला होता? कधी?… दसऱ्यालाच? आणि कुशाभावजी काय बोलले?… ‘खंयची पेटी, दादा?’ असं म्हणाले?

म्हणजे यांना… आणि तू पण तेव्हापासून… बाबांनी बोलू नको सांगितलं होतं?… बरं. ते राहू दे. मला एवढंच सांग, फोन किती वाजता केला होता? आठव ना गं!… सकाळी. आठ-साडेआठला.

फूल दहाला ठेवलं. मी देवाचा नैवेद्य करत होते, दहाच वाजले होते. म्हणजे फोन झाल्यावर ठेवलं. कळल्यावर ठेवलं त्यांनी फूल.

आणि आज सकाळी जिन्यात सगळ्यांसमोर, मालनने जपून ठेवलीय… मला वाटलं, माहीत नाही म्हणून बोलतायत. सगळं माहीत असून बोलले गं, माझी लाज राखायला… आणि मी इथे बसून अजून एक खोटं रचतेय, त्यात तुला ओढतेय…

थांब. जिन्यात चप्पल वाजतेय. तेच आहेत, एका पायावर जोर देत चढतात ना. …नको, ठेवू नको फोन. थांब लाइनवर. काही बोलू नको, फक्त थांब, मला जरा धीर येईल. तीन टक्के आहेत, पुरतील.

…आलात? द्या तो कॅन इकडे. बसा आधी, बसा… श्रेया आहे. हो, बरी आहे ती. …अहो, पाणी राहू दे, मी घेते ओतून. मला बोलायचंय. ती पेटी… गावाला नाही ती. मी भंगारात दिली. तुम्ही किल्ल्या आणायला गेला होतात तेव्हा. चुकले मी. त्या पावसात तुम्ही आलात तेव्हापण चुकले होते, तेपण कधी म्हटलं नाही…

…श्रेया, ‘माहितीय’ म्हणतायत गं. हसतायत… अहो, खिशातून काय काढताय? …मेणबत्त्या आणल्यात, श्रेया. खालच्या दुकानातून. मेणबत्त्या आणि काडेपेटी.

काय म्हणालात?… कुठे ठेवू म्हणून मला विचारताय? तिथेच ठेवा. खिडकीखाली. थांबा, वाकू नका तुम्ही, आधी तो चपलांचा स्टँड उचलते मी. श्रेया, ऐकलंस ना गं… श्रेया?… हॅलो?…