अस्वलाच्या कानातली सुई

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सरपंच श्यामलालजी, व्यासपीठावर बसलेल्या पर्यवेक्षिका सुलोचनाताई, तीस वर्षं आपली अंगणवाडी सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या सावित्रीबाई, आणि समोर जमलेल्या माझ्या गावकरी माता-भगिनींनो, बंधूंनो, रुख्माचा सगळ्यांना नमस्कार.

बाईंबद्दल चार चांगले शब्द बोल, असं मला सांगितलं आहे. पण चांगलं बोलायचं तर आधी खरं बोलावं लागेल, नाही का?

जुन्या लुगड्यांच्या चिंध्या जोडून हत्ती, कासव, अस्वल अशा आकारांच्या गोधड्या बाईंनी आम्हा पाच जणींना शिवायला शिकवलं. गावातलं कोणतं लेकरू त्यात निजलं नाही? तीन वर्षांपूर्वी पौषात, सकाळी नऊ गोधड्या वाटून झाल्या. बाईंनी सुया मोजल्या. एक कमी भरली.

"कोनाची राहिली?" बाईंनी विचारलं.

माझी होती. अस्वलाचा कान शिवताना सासूबाईंची हाक आली, आणि मी सुई तशीच खोचून उठले होते. पण मी म्हटलं, "माझी नाही." खरं सांगितलं असतं तर सासूबाईंनी माझं शिवणं बंद केलं असतं. त्या आज हयात नाहीत, त्यांच्यावर ढकलत नाही. भित्री मीच होते.

बाई निघाल्या, मीही मागे निघाले. घरोघर जाऊन त्या गोधडी चिमटीत धरून बोट-बोट चाचपत होत्या. हत्तीत नाही. कासवात नाही. सुई कुठे आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होते. चौथ्या घरात एक तान्हं लेकरू हरणाच्या गोधडीवर तोंड घासत होतं. ते पाहिलं आणि मी बाईंचा हात धरला.

"बाई, अस्वलात आहे," मी म्हटलं.

अस्वल नीतूकडे गेलं होतं, आणि नीतू तिच्या तान्ह्या लेकीला, टिंकूला घेऊन माहेरी गोंदियाला निघाली होती. आम्ही शेतातून दरेकसा स्टेशनकडे धावलो. बाईंची चप्पल धानाच्या बांधीतल्या चिखलात गेली, त्यांनी वळून पाहिलं नाही. फलाटावर पोचलो तेव्हा गाडी येताना दिसत होती. टिंकू अस्वलात गुंडाळलेली, रडत होती.

"काऊन धावून राहिल्या बाई?" नीतूने विचारलं.

"पोरगी दे आधी."

बाईंनी गोधडी उलगडली. सुईचं टोक आतल्या बाजूला आलं होतं. टिंकूच्या डोळ्याखाली, बोटभर अंतरावर, रक्ताची बारीक रेघ उमटली होती. गाडी आली, थांबली, गेली. नीतू चढली नाही.

"हे कोनं केलं?" ती म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत बाई बोलल्या, "चूक माझी आहे. सुया मोजल्याशिवाय मी गोधड्या वाटल्या."

त्यानंतर वर्षभर नीतूने टिंकूला अंगणवाडीत आणलं नाही. कोणी गोधडी घेतली नाही. लोक बाईंना तोंडावर बोलले. मी ऐकत होते. पुढच्या हिवाळ्यात बाई पुन्हा दारोदार गेल्या आणि एकेक गोधडी आईच्या देखत चाचपून देऊ लागल्या. एकदा मी म्हटलं, आता सांगते सगळ्यांना. तर म्हणाल्या, "तू शिवत राहा."

बाई, तुम्ही मला हाताने थांब म्हणून राहिल्या, पण आज मी थांबणार नाही. नीतू, तू तिसऱ्या रांगेत बसली आहेस. ती सुई माझी होती. बाईंवरचा राग एवढी वर्षं चुकीच्या दारी गेला. तो आता माझ्याकडे दे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. सुईचं मात्र पोटात घालू नका.