शेवटच्या नावापर्यंत

भूकंपाला घाबरलेली माणसं तुम्ही सगळ्यांनीच इथे पाहिली असतील. मी टाळ्यांआधी घाबरलेला एक नामवंत दिग्दर्शक पाहिलाय.

लग्न होऊन फुनाबोरी या जपानी उपनगरात येऊन मला चारच महिने झाले होते. माझ्या नवऱ्याला, निखिलला सुटी मिळेना, म्हणून चित्रपट महोत्सवासाठी आलेल्या त्याच्या या दिग्दर्शक काकांना आणि काकूंना थिएटरात न्यायचं काम माझ्यावर आलं. ट्रेनमध्ये काकूंनी सहज सांगितलं, "यांच्या अकराही चित्रपटांचे कपडे मी शिवलेत."

काकांचा चित्रपट सुरू झाला. कुणी हसेना की खोकेना. काका माझ्या कानाशी आले. "अगं, हा विनोदी प्रसंग आहे. झोपलेत का सगळे?"

"इथे असंच बघतात, काका," मी म्हटलं. पण खात्री मलाही नव्हती.

चित्रपट संपला, पडद्यावर नावं सरकू लागली, तरी एकही खुर्ची वाजली नाही. काकांच्या कपाळावर घाम आला होता. "आपल्याकडे पहिल्या नावाला लोक चपला शोधतात. हे का बसलेत? इतका वाईट झालाय का?"

"नावांसाठी बसलेत, काका. वाचता येत नसली तरी शेवटच्या नावापर्यंत कुणी उठत नाही."

"हात्तिच्या," काकांनी सुस्कारा सोडला. "एवढी नावं कोण वाचतं?"

"मी वाचते," पलीकडून काकू शांतपणे म्हणाल्या. "दर वेळी. माझं अजून आलेलं नाही."

दिवे लागले, टाळ्यांचा कडकडाट झाला. काका पडद्याकडेच बघत बसले. काकूंकडे मान वळवायचा त्यांना धीर होत नव्हता.