पाठीवरची खळी

हॅलो?… हॅलो, ताई, मीच बोलतेय… नाही, झोपलीय. मांडीवरच आहे, म्हणून हळू बोलतेय. वॉर्डातच आहोत अजून.

हो, आला रिपोर्ट… ताई, तिला अंघोळ घालताना तुम्ही म्हणाला होतात ना, कमरेखाली हा खड्डा कसला, एकदा दाखवून घ्या? आणि मी हसले. म्हटलं, पोरीला गालावर नाही, पाठीवर पडली खळी… हो. तेच निघालं.

मणके. अगदी खालचे, मागून जुळलेच नाहीत… जन्मतःच. पोटात असतानाच.

नाही, नाही, सौम्य आहे म्हणाले. कितीतरी जणांना असतं, आयुष्यभर पत्ताही लागत नाही म्हणे… अहो, पुढचं ऐका ना! हिचा आतला मज्जारज्जू खाली ओढल्यासारखा दिसतोय. चालायला लागली की कळेल. पाय कसा टाकते, शू समजते का… तोवर बघत राहायचं. काय बघत राहू, ताई? रोज तळव्याला गुदगुल्या करून?

आधी कसं दिसणार डॉक्टरांना! दर वेळी मीच डायपर काढू दिला नाही. गारठेल, वजन असंच घ्या… एवढी जपली ना मी!

नाही, रडत नाहीये… बरं, रडतेय.

तो? तेच सांगायला फोन… नाही, इथे नाहीये. डॉक्टरांनी सहज विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? तर तुमचा भाऊ उठला, पाठमोरा झाला आणि शर्टच वर केला. तस्सा खड्डा, वर केसांचा झुबका… मला वाटायचं, जन्मखूण असेल. तुम्हालाही नव्हतं माहीत?

मग बोलतच सुटला. मोठा होईपर्यंत अंथरूण ओलं व्हायचं, बाबा ती चादर सगळ्यांना दिसेल अशी वाळत घालायचे… हो ना. आणि सोफा उचलताना कण्हला, तर आपण त्याला कामचुकार म्हणायचो.

‘हिलाही मीच दिलं,’ म्हणाला. डॉक्टर सांगत होते, यात तुमचा काय दोष… ऐकेल तर ना! पोरगी माझ्या हातात दिली आणि गेला.

फोन वाजतोय, उचलत नाही. दुकानातला कारागीर म्हणाला, सगळ्यांना घरी पाठवलं आणि आतून शटर ओढून घेतलं.

मी कशी निघू? एमआरआयसाठी दिलेली हिची गुंगी उतरल्याशिवाय सोडत नाहीत… ताई, तुम्ही जा ना. तुमच्या मागच्याच गल्लीत तर दुकान. गॅस बंद करा आणि निघा. शटर वाजवा, नाही उघडलं तर खिडकीतून हाक मारा. समजावू नका काही. ‘ओ’ देतो का, तेवढं बघा… ताई? ऐकू येतंय ना?… हॅलो?