अक्का पाण्यावर पालथी

मालवणला आमच्या अक्काने माझा जीवच घेतला होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, देवपूरची, विहिरीत पोहून वाढलेली. किनाऱ्याजवळच्या खडकांवर आम्ही स्नॉर्कलिंगला उतरलो. मी गाइडची तरंगती ट्यूब धरून मासे बघत होते. मान वर केली तर अक्का लांबवर पालथी, अजिबात हालत नव्हती. हाका मारल्या, उत्तर नाही. गाइड दुसऱ्या बाईचा मास्क बसवत होता. मी ट्यूब सोडली आणि लाइफ जॅकेटच्या भरवशावर हातपाय मारत तिच्यापर्यंत पोचले. खांद्याला हात लावणार, तोच तिने माझं मनगट घट्ट धरलं.

मी तोंड पाण्यात घातलं. तिच्या पोटाखाली हातभर अंतरावर एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा काटे फुलवून थांबला होता. ज्याच्यापासून लांब राहा असं गाइडने उतरताना बजावलं होतं, तो विषारी मासा हाच. आम्ही दोघी तशाच तरंगत राहिलो. अखेर तो सावकाश कपारीत शिरला.

अक्काने तोंडातली नळी काढली आणि आमच्या गावच्या बोलीत विचारलं, "कशाले उनी तू?"

"माले वाटनं, तू गयी."

तेवढ्यात गाइड आला आणि माझ्यावरच चिडला. "ट्यूब का सोडली? पोहता येतं का तुम्हाला?"

माझं मनगट न सोडता अक्काच म्हणाली, "नाही येत तिला. तरी आली."